न दिसणाऱ्या नहरींचे शहर

दारव्ह्याच्या शाळेची सहल औरंगाबाद-वेरूळला जायची. रात्री एसटी निघायची. कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना ही गावे झोपेत मागे पडायची आणि उजाडताना डोंगर दिसू लागायचे. दौलताबादचा किल्ला चढून, वेरूळची लेणी पाहून, बीबी का मकबऱ्यासमोर रांगेत उभे राहून फोटो काढून झाले की सरांच्या यादीत शेवटचे एक नाव उरायचे, पाणचक्की. तिच्या वाट्याला पंधरा मिनिटे यायची. हौदातले मासे पाहा, पाणी प्या, गाडीत बसा. त्या पंधरा मिनिटांत सरांनी सांगितलेले एक वाक्य मात्र डोक्यात राहिले : हे पाणी डोंगरातून नहरीने येते.

आमच्या विदर्भात नहर म्हणजे शेताला पाणी देणारा उघडा कालवा. काठावर बाभळी, पाण्यात म्हशी, पलीकडे हरभरा. म्हणून मी पाणचक्कीच्या मागे जाऊन नहर शोधली. भिंत होती, रस्ता होता, खाम नदीचे कोरडे पात्र होते. नहर नव्हती. सर म्हणाले, ती जमिनीखाली आहे. ते उत्तर तेव्हा पटले नव्हते. पुढे या विषयावरचे जे जे मिळेल ते वाचत गेलो, शहरात पुन्हा पुन्हा गेलो, तेव्हा कळले की कालव्यांच्या शहराची आपल्या मनातली कल्पनाच दुसऱ्या मातीतून आलेली आहे.

कालव्यांचे शहर म्हटले की व्हेनिस किंवा ॲमस्टरडॅम डोळ्यांपुढे येते. तिथला कालवा हा रस्ता आहे. त्यावरून माल जातो, माणसे जातात, प्रवासी नावेत बसून घरांच्या पायऱ्या पाहत जातात. तिथे पाणी मुबलक आहे; त्याला वाट करून देणे एवढाच प्रश्न. दख्खनच्या पठारावर प्रश्न नेमका उलटा. वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात उघडे पाणी डोळ्यांदेखत आटते. अशा मुलखात ज्याला कालव्यांचे शहर वसवायचे आहे त्याने कालवे लपवले पाहिजेत. औरंगाबादेत तसेच झाले. आज या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. इथे ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळातली नावे वापरली आहेत.

गाव मुळात खडकी. नावातच खडक. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सुमारे 1610 मध्ये इथे राजधानी आणली. अंबर हा स्वतः मोठा प्रवासी. अर्थात स्वखुशीने नव्हे. सुमारे 1548 मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादला पोचला, तिथून दख्खनमध्ये. अहमदनगरला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशीच. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेला, तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून उरलेले राज्य जवळजवळ पाव शतक लढते ठेवले. त्याचा गनिमी कावा आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत यांवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्याच्या पाण्यावर मात्र त्या मानाने कमी.

अंबरने नहरीची कल्पना बाहेरून आणली असे काही जण म्हणतात. इराणातल्या कनात किंवा कारेझ या भुयारी पाटांशी तिचे नाते उघड आहे. पण त्यासाठी बगदादपर्यंत जायची गरज नाही. अंबरची उमेद ज्या अहमदनगरात गेली त्या शहराला कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी येत असे. निजामशाहीच्या राजधानीत जमिनीखालून आलेले पाणी ही रोजची गोष्ट होती. म्हणजे खडकीत त्याने नवे केले ते तंत्र नव्हे. अहमदनगरला वसलेल्या शहरात पाणी आणले गेले. इथे आधी पाणी आणून मग शहर वाढवायचे होते, आणि तेही डोक्यावर मोगल फौज असताना. एक गोष्ट सांगितली जाते. दरबारातल्या मुल्ला महंमद नावाच्या एका मोठ्या माणसाने या बेताची टर उडवली. डोंगरातून पाणी आणणार म्हणे! अंबरने पंधरा महिन्यांत, अडीच लाख रुपयांत नहर पुरी करून दाखवली, असा गोष्टीचा शेवट. आकडे दंतकथेतले असतील, पण टिंगल खरी वाटते. जे दिसत नाही त्यावर खजिना रिता करणाऱ्याला लोक हसणारच.

ही नहर-ए-अंबरी. तिचे काम कसे चाले हे समजून घेतले तर ती टिंगल आणखी समजते. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. पावसाचे पाणी डोंगराच्या उतारावर वाहून जाते त्यापेक्षा कितीतरी हळू मुरमाच्या आणि भेगाळलेल्या खडकाच्या थरातून खाली झिरपते. हे झिरपे पावसाळा संपल्यावरही महिनोन्महिने चालू राहतात. नहरीचे डोके तिथे. जमिनीखाली खणलेल्या, दगडाने बांधलेल्या मार्गाच्या भिंतींतून पाणी आत पाझरते, गोळा होते आणि उताराने शहराकडे निघते. विहीर पाण्याला वर ओढायला लावते, मोट लागते, बैल लागतात. नहरीला काहीच लागत नाही. फक्त उतार चुकता कामा नये. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खाते, कमी झाला तर गाळ बसतो. कोसभर लांबीच्या मार्गावर हा उतार धरून ठेवायचा, तोही जमिनीच्या पोटात. हे काम करणाऱ्या गवंड्यांची आणि खणणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

मुख्य मार्ग काही ठिकाणी माणूस आत शिरून चालू शकेल एवढा मोठा. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडे. त्यांतून हवा आत जाते, माणूस आत उतरतो, गाळ आणि झाडांची मुळे बाहेर काढता येतात. शहराजवळ आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या नळांत शिरते. खापराचे हे नळ एकात एक बसवून चुन्यात बुजवलेले. बंद नळात पाण्याला दाब मिळतो, आणि मूळ उगम उंचावर असल्यामुळे शहरात ते पुन्हा वर चढू शकते. पण दाबाबरोबर कोंडलेली हवाही येते. ती बाहेर काढली नाही तर नळ फुटतात. म्हणून मध्ये मध्ये उंच दगडी खांब. पाणी एका अंगाने वर चढते, वरच्या कुंडीत मोकळे होते, हवा सोडते आणि दुसऱ्या अंगाने उतरून पुढे जाते. पुण्याला 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळावर असलेच खांब आहेत आणि त्यांना मराठीत फार सुंदर शब्द आहे, उच्छ्वास. नहर श्वास सोडते, ही कल्पना कुणा गवंड्याला सुचली असेल तर त्याला मानले पाहिजे.

अंबरच्या काळात या पाण्याने शहर उभे राहिले. त्याने 1612 मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही रहदारीच्या मध्ये उभा आहे. नव्या गावात मराठा सरदारांना जागा दिल्या गेल्या, आणि मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे त्यांच्यावरून पडली असे सांगतात. सिंदखेडचे जाधव, वेरूळचे भोसले ही घराणी याच काळात, याच परिसरात वर येत होती. आमची सहलीची एसटी सिंदखेडराजावरून जायची तेव्हा सर जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून हात करायचे. त्याच रस्त्याने लखुजी जाधवांचे घोडेस्वार खडकीला जात असतील, हे कुणी सांगितले नव्हते.

उत्तरेला तापीकाठी बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनचे ठाणे. तिथे खानखानान अब्दुर्रहीम बसलेला, दोह्यांचा तोच रहीम. अंबरशी तो वर्षानुवर्षे लढला. आणि याच रहीमच्या काळात, 1615 मध्ये, बुऱ्हाणपूरला सातपुड्याच्या पायथ्यापासून भुयारी पाणी आणले गेले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. शंभरावर कुंड्या एकीपाठोपाठ एक जमिनीत उतरलेल्या, खाली एकमेकींना जोडणारे भुयार, भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर. दोन वैऱ्यांनी एकाच दशकात एकाच प्रकारे आपापल्या शहराला पाणी पाजले. सर टॉमस रो हा इंग्रज राजाचा वकील त्याच 1615 च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात येऊन शहजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला होता.

पुढच्याच वर्षी, 1616 मध्ये, रहीमचा मुलगा शाहनवाजखान याने जालन्याजवळच्या रोषणगावला अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली. त्या लढाईआधी काही मराठे सरदार अंबरला सोडून मोगलांना मिळाले होते. त्यांत सिंदखेडच्या जाधवांचेही नाव येते. 1621 च्या सुमारास शहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, मोहिमेत खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा शहर पुन्हा तिथेच वसले. डोंगराचा उतार आणि त्यातले झिरपे जागच्या जागी होते, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते. 1626 मध्ये अंबर वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याने गावाला फत्तेनगर नाव दिले. 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि गावाला त्याचे नाव मिळाले.

मोगल काळात नहरी वाढत गेल्या. प्रत्येक मोठ्या अमीर-उमरावाला आपल्या पुऱ्यात, आपल्या बागेत पाणी हवे होते. बेगमपुऱ्यातली थत्ते नहर आणि तिचा थत्ते हौद हे त्यांतले ठळक उदाहरण. पळशीच्या बाजूने आलेली एक, आणखी कितीतरी लहानमोठ्या. कोणी बारा सांगते, कोणी चौदा. 1657 मध्ये दिलरस बानू बेगम वारली आणि तिच्या मकबऱ्याभोवती चारबाग आखली गेली. चारबाग म्हणजे मधोमध पाण्याचे पाट आणि कारंजी. ती कारंजी नहरीच्या दाबावर उडत, कुठलाही पंप नव्हता. 1666-67 मध्ये फ्रेंच प्रवासी जाँ द तेवेनो सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना इथे थांबला. त्याने तो घुमट आणि चार मनोरे पाहून लिहून ठेवले, आणि वेरूळची लेणी पाहून युरोपीय वाचकाला त्यांची पहिली सविस्तर ओळख करून दिली. सहलीची आमची यादी एका अर्थी त्याच्याइतकीच जुनी म्हणायची.

सुरत, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा या वाटा जिथे एकमेकींना भेटतात तिथे हे शहर होते. व्यापारी, शिपाई, हाजी, फकीर यांचा राबता. आणि इथेच पाणचक्कीची खरी गोष्ट सुरू होते.

बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावाहून एक फकीर हिंदुस्थानात आला. त्याचे नावच पडले बाबा शाह मुसाफिर. त्याचे गुरू बाबा पलंगपोश. आपल्या कानाला यात खाटेवरची चादर ऐकू येते, पण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. बिबट्याचे कातडे पांघरणारे ते पलंगपोश. नक्शबंदी पंथाचे हे सूफी. गुरू मोगल सरदार गाझीउद्दीनखान फिरोजजंगाच्या छावणीबरोबर फिरत. शिष्याने औरंगाबादेत खामकाठी तकिया थाटला. या दोघांच्या आठवणी आणि वचने पुढचे गादीवाले शाह महमूद यांनी फारसीत लिहून ठेवली, आणि सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकाने ती 2001 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्या पानांमध्ये चमत्कार आहेत, तसे रोजचे जगणेही आहे. मध्य आशियातून हजला निघालेले, नोकरीच्या शोधात दख्खनच्या फौजेकडे आलेले, वाटेत आजारी पडलेले, पैसे संपलेले लोक तकियात येतात. त्यांना जागा हवी, भाकरी हवी. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा माणूस हवा.

भाकरीसाठी पीठ लागते. रोज किती माणसे येतील याचा नेम नसलेल्या ठिकाणी पीठ दळायला किती हात लागतील, याचा हिशेब ज्याने जाते ओढले आहे त्यालाच कळेल. तकियासाठी डोंगरातून स्वतंत्र नहर आणली गेली, निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या सरदारांनी पैसा घातला. त्यांत तुर्कताजखान आणि जमीलबेगखान ही नावे येतात. चक्कीच्या सालाबद्दल 1695 पासून 1744 पर्यंत वेगवेगळे आकडे छापले जातात. बहुधा नहर, हौद आणि चक्की ही एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने झालेली कामे असावीत.

रचना पाहण्यासारखी आहे आणि पंधरा मिनिटांत पाहण्यासारखी नाही. खापरी नळांतून आलेले पाणी एका उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात पडते. त्या पडण्याच्या जोरावर खालचे आडवे लोखंडी पात्यांचे चाक फिरते. चाकाचा उभा कणा वर दगडी जात्याच्या तळीतून जातो आणि वरची तळी फिरवतो. दळण्याला माणूस नको, बैल नको. वापरलेले पाणी लांबट हौदात साठते, कारंज्यांतून खेळते, मग पुढे जाते. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. डोक्यावर पाण्याचा थर असल्यामुळे मे महिन्यातही ते दालन गार राहते. वरच्या पाण्याने पीठ दळायचे, खालच्या गारव्यात वाटसरूने पाठ टेकायची. एकाच पाण्याला इतकी कामे लावणारा माणूस नक्कीच दुष्काळी मुलखातला असणार!

इथे येऊन राहिलेल्यांत एक नाव विशेष आहे. अवधमधल्या बिलग्रामचा गुलाम अली आझाद हा अरबी-फारसीचा मोठा विद्वान. हज करून परतताना तो औरंगाबादला आला आणि काही वर्षे याच तकियात राहिला. परत बिलग्रामला गेलाच नाही. 1786 मध्ये वारला, खुलदाबादला पुरला गेला. मुसाफिराच्या नावाच्या जागेत मुक्कामाला आलेला मुसाफिर असा कायमचा इथला होऊन गेला.

1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. दरबार गेला, सरदार गेले, पुरे ओस पडत चालले. नहरी मात्र वाहत राहिल्या, कारण त्यांना राजधानी कुठे आहे हे ठाऊक नसते. विसाव्या शतकापर्यंत जुन्या वस्त्यांत लोक त्यांचे पाणी वापरत होते. मग लोखंडी नळ आले, हर्सूलचा तलाव झाला, जायकवाडीचे धरण झाले. पैठणहून पाणी उचलून शहरात आणले गेले. ज्या पाण्याला विजेची गरज नव्हती त्याची सवय सुटली आणि पंपाच्या पाण्याची लागली. नहर साफ करणारे हात गेले. तिच्या मार्गावर घरे उभी राहिली. कुठे पाया खोदताना ती फुटली, कुठे सांडपाणी तिच्यात शिरले. इराणात कनात साफ ठेवणाऱ्या कारागिराला मुकन्नी असा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे त्या कामाला नाव उरले नाही, तेव्हा काम करणाराही उरला नाही. अलीकडच्या वर्षांत याच शहरात नळाला कधी पाच-सहा दिवसांनी, कधी आठ-दहा दिवसांनी पाणी आले आहे. टँकर ज्या रस्त्यावरून जातो त्याच रस्त्याखाली कुठेतरी अंबरची नहर बुजलेली आहे.

सगळ्याच नहरी एकसारख्या मेल्या नाहीत, आणि मला वाटते मुद्दा इथे आहे. अंबरची नहर साऱ्या शहराची होती. शहराने दुसरीकडून पाणी आणले तशी ती कुणाचीच राहिली नाही. उमरावांच्या नहरी त्यांच्या वाड्यांबरोबर गेल्या. पाणचक्कीची नहर मात्र एका दर्ग्याची, वक्फाची. उगमापासून चक्कीपर्यंत ती एका जागेची जबाबदारी राहिली, आणि त्या जागेला रोज येणारा परका माणूस होता. आधी तो भाकरीसाठी आला, आता तिकीट काढून येतो. पण तो येतो म्हणून पाणी वाहते ठेवावे लागते. धार आता पूर्वीसारखी नाही. उन्हाळ्यात ती इतकी बारीक होते की चक्की फिरणे अवघड. तरी दाखवण्यापुरते पाते फिरते आणि मुले कठड्याला पोट लावून खाली पाहतात.

पर्यटनाची राजधानी असे बिरुद या शहराला मिळाले आहे. वेरूळ-अजिंठ्याचे ते आहे, हे खरे. पण तेवेनोपासून आमच्या शाळेच्या सहलीपर्यंत ज्याला लेणी पाहायची होती त्याला मुक्काम इथेच करावा लागला, आणि मुक्काम पाण्यावर होतो. बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्यात खाली उतरण्याची सोय केली आहे. प्रवासी भुयारात गुडघाभर पाण्यात उभा राहून वरच्या तोंडातून येणारा उजेड पाहतो. औरंगाबादेत अशी एकही तोंडाची जागा नीट बांधून, पाटी लावून, दिवा लावून दाखवलेली मला दिसली नाही. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून दरवाजांच्या पाट्या आहेत.

गेल्या खेपेला मी दारव्ह्याच्याच एका शाळेच्या सहलीबरोबर गेलो. पाणचक्कीला या वेळीही शेवटी आणि घाईत. हौदापाशी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, काका, नहर कुठं हाय? मी तिला हौदाखालच्या दालनात नेले. बाहेर चाळीस अंशांवर ऊन होते. तिने छताला हात लावायचा प्रयत्न केला, हात पोचला नाही, मग भिंतीला तळवा लावला आणि तसाच ठेवला. बाहेर सर शिट्टी वाजवत होते.